विठ्ठलच्या गाडीतला पिवळा दिवा

सोमवार, ८ डिसेंबर

प्रियंका, ही वही तूच आणून दिली होतीस. आता कपाळाला हात लावून आठवत बसू नको. तुला गॅसवर ठेवलेलं दूध आठवत नाही, वही कुठून आठवणार? दिवाळीला आलीस तेव्हा म्हणालीस, "आई, घरी काय घडते ते कोणाजवळून लिहून घेत जा, भरली का मले वाचाले दे." आणि वणीला परत जाताना चष्मा, डबा आणि नवऱ्याचा मफलर इथंच ठेवून गेलीस. डबा मी वापरते आहे. मफलर पांघरून तुझा भाऊ विठ्ठल फिरतो.

लिहिते आहे शेजारची रंजिता. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं लिहून आली की संध्याकाळी माझं लिहिते. माझं बोलणं ती जरा इस्त्री करून कागदावर ठेवते. मी सांगितलं, माझं कर, पण बाकीच्यांचं बोलणं चुरगळलेलंच राहू दे. मला अक्षर येत नाही, पण हात किती चालला ते कळतं. मी लांब बोलले आणि तिचा हात लवकर थांबला, की मी विचारते, काय गिळलं?

तर आजची गोष्ट. विठ्ठलच्या गाडीतला पिवळा दिवा पुन्हा लागला.

दसऱ्याच्या आधी त्यानं ती जुनी पेट्रोलची गाडी घेतली, एवढं तरी तुला आठवत असेल. घाटंजीच्या शेतावर जायला सोय झाली. महिनाभर बरी चालली, मग स्टिअरिंगच्या मागच्या काचेत एक पिवळा दिवा लागला. लोट्याला तोटी लावल्यासारखं चित्र आहे. यवतमाळच्या एका मिस्त्रीनं धुराच्या नळीतला सेन्सर बदलला, दिवा गेला, दोन दिवसांनी आला. दुसऱ्या मिस्त्रीनं तोच सेन्सर पुन्हा बदलला. दिवा गेला, दोन दिवसांनी आला.

आज जेवताना विठ्ठल निकिताला म्हणाला, "पुण्याच्या शोरूमचं पत्र आलं नं? खुर्चीवर बसाचं, लोकायच्या तक्रारी लिहाच्या. एक तारखेले हजर व्हाचं. तुले कायले पाह्यजे ते टिनाचं शेड?"

शेड म्हणजे दारव्हा रोडवर टायरवाल्याच्या बाजूला रिकामं पडलं आहे ते. पोरगी मोटारीचा डिप्लोमा करून दोन वर्षं नागपूरला गाड्यांखाली लोळली. आता इथं लोहाऱ्यात स्वतःचं गॅरेज काढते म्हणते.

"ज्या पोरीले बापाच्या गाडीतला दिवा इझवता येत नाही, तिच्याजवळ गावची गाडी कोण आणन?" विठ्ठल म्हणाला.

"अन इझवून दाखवला तं?"

"तं शेडचा करार मी करून देतो. पंचवीस तारखेलोक. नाही तं पुणे."

निकितानं ताटातली भाकर दुमडली आणि म्हणाली, "बरं." तेवढंच.

मी खरं सांगते, कारण वहीत खोटं सांगायचं तर रंजिताचा हात कशाला दुखवायचा. पोरगी इथंच राहावी असं मला वाटतं. पण ते तिच्यासाठी वाटतं की माझ्यासाठी, ते मला नक्की सांगता येत नाही. माझ्या पायाची नखं तीच कापते.

बुधवार, १० डिसेंबर

आज गाडी अंगणात, आणि मी गाडीसमोर खुर्ची टाकून. सून मैना म्हणाली, सर्कस आहे का? मी म्हटलं, तिकीट नाही, बस तूही.

निकितानं मोबाईलएवढं एक यंत्र गाडीला आतून जोडलं. गाडी त्यावर आपलं दुखणं आकड्यात सांगते. मग मला सांगत बसली. धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर म्हणून एक नाक बसवलेलं असतं. ऑक्सिजन हा शब्द आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या साली तुझ्या बापाच्या नाकाला नळी होती, तेव्हापासून. तर हे नाक धूर हुंगतं आणि इंजिनला सांगतं, पेट्रोल कमी कर, जास्त कर. पण थंड असताना ते काही खरं सांगत नाही. म्हणून त्याच्या पोटात एक बारकं हीटर असतं, त्याला गरम करायला.

"म्हणजे गरम झाल्याबिगर तोंड उघडत नाही," मी म्हटलं.

"हो."

"तुया बापासारखं."

हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"अन यंत्र म्हनते का हीटरच्या लायनीतच बिघाड हाय," ती म्हणाली. "त्या दोघायनं नाक दोनदा बदललं. नाकालोक करंट जाते का नाही, ते कोणी पाह्यलंच नाही."

बॉनेट उघडलं तेव्हा माझी वस्तू जागच्या जागी पाहून मला बरं वाटलं. तुला सांगितलं नव्हतं. दसऱ्याला गाडीची पूजा होती, विठ्ठल नारळ आणायला गेला होता, तेवढ्यात मी आपलं करून घेतलं. काळ्या दोऱ्यात सात बिब्बे ओवले आणि खाली तुझ्या बापाच्या हरण्या बैलाची नाल बांधली. वजन पाहिजे, नाहीतर वस्तू वाऱ्यानं उडते. समोर दिसेल असं टांगलं तर विठ्ठल हसतो, म्हणून पुढच्या जाळीच्या मागं टांगलं. आत हाताला एक काळी दोरी लागली, चांगली मजबूत, तिलाच गाठ मारली. गाठ अशी खोल, की कुणाला दिसू नये.

त्या दोन मिस्त्र्यांनी एवढं काम केलं, पण माझी वस्तू सोडली नाही. हातानं बाजूला केली, काम झाल्यावर पुन्हा तशीच खाली सोडली, असं विठ्ठल सांगत होता. कामाचं काही म्हणा, पण माणसं वळणाची. निकितानंही आज कोपरानं सरकवून धरली, बोट लावलं नाही. लहानपणी मी तिला शिकवलं होतं, नजरेच्या वस्तूला हात लावायचा नाही. शिकवलेलं टिकलं म्हणायचं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज मी गाडी चालू केली. हसू नको.

निकितानं सेन्सरचा जोड काढला, त्याच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटरच्या सुया लावल्या. आकडा बरोबर आला. म्हणजे सेन्सरच्या पोटातलं हीटर ठणठणीत. मग म्हणाली, "आजी, गाडीत बस. म्या म्हटलं का चाबी फिरव. एकच खटका, जास्त नाही."

पंच्याहत्तर वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. तिथून आपलं घर वेगळंच दिसतं, जरा बुटकं. मी चाबी फिरवली. ती समोर वाकून जोडाच्या दुसऱ्या अंगाला एक बारका दिवा लावून पाहत होती.

"लागला?" मी विचारलं.

"नाही. करंटच नाही येऊन राह्यला."

मग तिनं फ्यूजची डबी उघडली. नखाएवढा एक फ्यूज जळलेला. नवा टाकला, मला पुन्हा चाबी फिरवायला लावली, आणि तिच्या हातातला दिवा लागला. यंत्रातून गाडीचं दुखणं पुसलं. पिवळा दिवा गेला.

मैनानं शिरा केला. विठ्ठलला सांगितलं तर म्हणाला, "उद्या घाटंजीले नेतो, मंग सांगतो." पण शिरा दोनदा घेतला.

शनिवार, १३ डिसेंबर

विठ्ठल दुपारी घाटंजीहून आला. गाडीची चाबी फळीवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. निकितानं जाऊन पाहिलं. फ्यूज पुन्हा जळलेला, पिवळा दिवा लागलेला.

"कुठं लागला, बाबा?"

"गावाजवळच्या ब्रेकरवर. दणका बसला अन लागला."

पोरगी जेवली नाही. मी पण वाटीभर ताक घेतलं. आणि मनात आलं ते सांगते. जाऊ दे तिला पुण्याला. पंख्याखाली बसेल, नखात ग्रीस जाणार नाही, लोक ताई ताई करतील. मग वाटलं, पंच्याहत्तर वर्षं मी लोकांच्या मनासारखी वागले, ती पण शिकून सवरून तेच करणार असेल तर शिकून काय केलं? मग पुन्हा वाटलं, जाऊ दे. असं पाचसात वेळा झालं. रंजिता म्हणते, आजी, नक्की काय लिहू? मी म्हटलं, दोन्ही लिही.

गुरुवार, १८ डिसेंबर

मधे रंजिताला ताप होता, म्हणून कोरे दिवस गेले. तशी सांगण्यासारखी गोष्ट एकच. पोरगी वायर शोधते आहे.

फ्यूज जळतो म्हणजे वायर कुठंतरी उघडी पडून लोखंडाला टेकते, असं तिचं म्हणणं. पण उभ्या गाडीत टेकत नाही. इंजिन चांगलं तापलं आणि दणका बसला, तरच. म्हणून रोज गाडी तापवायची, ब्रेकरवरून न्यायची, परत आणायची आणि फ्यूजच्या डबीपासून वायर सोलत यायचं. स्वेटर उसवतात तशी तिनं ती वायर उसवली. काळी पट्टी काढायची, बोटानं चाचपायची, पुन्हा गुंडाळायची.

"किती राह्यली?" मी आज विचारलं.

"हातभर. जाळीच्या मागची."

"मंग पाह्य नं."

"तिथं हात नाही जात, आजी."

मला नवल वाटलं. तिचे हात माझ्यासारखे, बांगडीत साबणाशिवाय जातात. एवढ्या मोठ्या जागेत का जाऊ नये?

दुसरं एक नवल. मैनानं धुवायला घेतलेल्या विठ्ठलच्या सदऱ्याच्या खिशात दहा नवे फ्यूज निघाले. त्याला तर टीव्हीचे सेलही बदलता येत नाहीत. कशाला आणले, विचारलं तर म्हणाला, "सस्ते भेटले." आणि हल्ली शेतावर बसनं जातो. गाडी घरीच ठेवतो. रागावला असेल. एरवी संध्याकाळी आला की पहिलं चहा मागायचा. आता अंगणात उभा राहतो, निकिताकडे पाहतो, खाकरतो आणि आत येतो. पुण्याचं तिकीट मात्र काढून ठेवलं आहे, तीस तारखेचं. मला म्हणाला, "माय, तिले राह्य म्हणू नको. अन जाय पण म्हणू नको." मी म्हटलं, मग मी बोलू काय, नुसती भाकर थापू?

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत होते. निकिता येऊन शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या, सोललेले दाणे टरफलात टाकले. डोकं ठिकाणावर नव्हतं.

"आजी, एक विचारू? नजरेचं बांधलेलं काढाचं असन तं काय करा लागते?"

"कोणाचं काढतं?"

"असंच. एका गिऱ्हाइकाचं."

"तुले गिऱ्हाईक कुठून आलं?"

"येईन नं. सांग."

मी सांगितलं. ज्यानं बांधलं त्याला विचारायचं. तो हो म्हणाला की हात जोडायचे, वस्तूला म्हणायचं, तुझं काम झालं, आता जा. बिब्बे पाण्यात सोडायचे. लोखंड असेल तर ते फेकायचं नाही, घरात ठेवायचं.

"अन बांधनाऱ्याले वाईट वाटलं तं?"

"वाटलं तं वाटलं. कायले वाटते?"

"म्हातारं माणूस असन. मायेनं बांधलं असन. अन समजा, त्याच्याच पायी कोणाचं काम अडून राह्यलं असन."

"मंग तं त्यानंच पह्यले काढ म्हटलं पाह्यजे," मी म्हटलं. "वस्तू कोणासाठी बांधतेत? माणसासाठीच नं. माणूस अडत असन तं वस्तू काय चाटाची हाय?"

"तू असती तं म्हटलं असतं?"

"म्या तं दोनदा म्हटलं असतं. काढ म्हटलं असतं, अन उशीर काहून केला म्हणून रागावली असती."

ती उठली. मग परीक्षेला जाताना करायची तसा वाकून नमस्कार केला आणि अंगणात गेली. आजकालच्या पोरींना कधी काय सुचेल. शेंगा तशाच टाकून गेली, त्या मीच सोलल्या.

रविवार, २१ डिसेंबर

सापडलं.

काल दुपारीच सापडलं होतं, पण ती आज दोन खेपा घाटंजी करून आली आणि मग सांगितलं. त्या हातभर तुकड्यातच होतं. हीटरची वायर खाली ओढली जाऊन गरम नळीच्या पत्र्याला लागली होती. वरचं प्लास्टिक गेलं, आतली तार उघडी पडली, दणका बसला की पत्र्याला टेकायची आणि फ्यूज जळायचा.

"पण खाली ओढली कोणं?" मी विचारलं.

"उंदीर," निकिता म्हणाली. "उंदरानं कुरतडली, आजी."

तिनं कापून काढलेला तुकडा मला पाहायचा होता. द्यायला जरा कांकू करत होती. मी हातात घेतला. उंदरानं खाल्लेल्या वायरी मी विहिरीच्या मोटरीवर पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यांना दातांचे खाचे असतात. ही तर निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखी झाली होती, फुगलेली, चकाकणारी. मी म्हटलंही तसं. विठ्ठल जवळच उभा होता. त्यानं तुकडा घेतला, निकिताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उंदीरच."

पोरीच्या बोलण्याला त्यानं एवढ्या लवकर हो म्हटलेलं मी तिच्या जन्मापासून ऐकलं नाही. असेल बाई. गाडीतले उंदीर वेगळे असतील.

तिनं नवी वायर जोडली, वरून जाड नळी चढवली आणि पत्र्यापासून लांब पट्टीनं बांधली. "आता बुधवारलोक पळवा, बाबा. घाटंजी, वणी, कुठंबी. ब्रेकर पाहून पाहून."

बुधवार, २४ डिसेंबर

विठ्ठलनं खरंच ब्रेकर पाहून पाहून गाडी चालवली. मैना सोबत गेली होती, म्हणते, चुकवता येणारे खड्डेही त्यानं चुकवले नाहीत, कंबर गेली माझी. पिवळा दिवा लागला नाही.

संध्याकाळी त्यानं खिशातून कागद काढला. शेडचा करार. त्याच्यावर तारीख सोमवारची, म्हणजे दिवा राहतो की जातो हे ठरायच्या आधीच सही करून ठेवलेली. रंजितानं तारीख वाचून मला दाखवली. मी म्हटलं, माझ्या पोराला तारखासुद्धा कळत नाहीत, वार तरी विचारायचा. रंजिता तोंडावर पदर घेऊन हसली. का, ते सांगितलं नाही.

"अन तिकीट?" निकितानं विचारलं.

"केलं वापस." विठ्ठल म्हणाला. मग पुष्कळ वेळ चहा फुंकत बसला. चहा केव्हाचा निवला होता. मग म्हणाला, "शेडात लाईट नाही हाय. उद्या माणूस पाठवतो."

निकिता आत गेली आणि मला माझे पाय पुढं करायला लावले. नखं वाढली होती म्हणे. डोकं खाली घालून कापत होती, माझ्या पावलावर दोन थेंब पडले. करंगळीचं नख ती नेहमी राखून कापते, आजही राखून कापलं.

रविवार, २८ डिसेंबर

आज शेड उघडलं. नारळ मी फोडला, एका घावात. टायरवाल्यानं लगेच आपली गाडी आणून लावली, नुसती तपासायला म्हणाला, पण लावली.

मी आत जाताना वर पाहिलं. दरवाजाच्या चौकटीवर, मधोमध, खिळ्याला नाल लटकवलेली. घासून, तेल लावून. मी काठी टेकून तिथंच उभी राहिले. बाजारात नाला ढीगभर मिळतात, प्रियंका, पण हिच्या एका भोकाची कड तुटलेली आहे. हरण्या माळावर दगडावरून घसरला होता तेव्हाची. तुझ्या बापानं ती नाल काढून मला दिली आणि म्हणाला, ठेव, याचा पाय वाचवला हिनं.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"डिक्कीत होती, आजी," निकिता म्हणाली. पाना पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

डिक्कीत. आणि मी माझ्या हातानं पुढच्या जाळीमागं बांधलेली.

मग मला एकेक करून सगळं दिसायला लागलं. ती काळी दोरी, चांगली मजबूत. नालेचं वजन. पापडासारखी झालेली वायर. हातभर जागा, जिथं पोरीचा हात जात नव्हता. आणि तुरीच्या शेंगा सोलताना मी मारलेल्या मोठमोठ्या गोष्टी. दोन मिस्त्री, एक शिकलेली पोरगी, सगळे माझ्या बिब्ब्यांना मान देत राहिले आणि दोन महिने गाडी आजारी. हिला पुण्याला पाठवायला निघाले होते, ते विठ्ठल नव्हे, मीच. पोरीला नजर लागू नये म्हणून पूर्ण बंदोबस्त केला होता.

मी तिथं फक्त म्हटलं, "चांगली दिसते. उंची थोडी कमी पाह्यजे होती." तिनं लगेच शिडी आणली.

आता घरी येऊन हे रंजिताला सांगते आहे तर तिचा हात थांबला आहे. मी विचारलं, तुला ठाऊक होतं? मान हलवते. मैनाला? त्यांनाही म्हणे. म्हणजे अख्ख्या गल्लीनं मिळून एक उंदीर पाळला होता, माझ्यासाठी.

रंजिता, लिही. आणि हे गिळू नको. निकिताला सांगायचं नाही, की मला कळलं. तिनं माझ्यासाठी एक खोटं जपलं आहे, ते तिच्याजवळ तसंच राहू दे. ती उंदीर म्हणेल तर मीही उंदीर म्हणेन. हवं तर एखादा पिंजरा आणून अंगणात ठेवीन, म्हणजे तिला खरंच वाटेल.

सात बिब्बे कुठं गेले ते मी विचारलं नाही. पाण्यात सोडले असतील. मी सांगितलं होतं तसंच केलं असेल तिनं, हात जोडून.

आता, प्रियंका, वही भरायची वाट पाहण्यात अर्थ नाही, या पानाचा फोटो रंजिता तुला आजच पाठवते आहे. झरीच्या बाजारात कोलामाच्या बाया गोडंबी घेऊन बसतात, ती आण. बिब्बा फोडून आतला गर, हाताला त्याचं भाजणारं तेल न लागता, कसा काढायचा ते त्यांनाच जमतं. दिवसभर लोखंडाशी झटायचं तर पोरीला डिंकाचे लाडू पाहिजेत. डिंक, खारका, खोबरं माझ्याजवळ आहे. आता यापुढं बिब्बा गाडीला बांधायचा नाही, गोडंबी होऊन पोरीच्या पोटात गेलेला बरा. वणीच्या सकाळच्या बसमध्ये कंडक्टरजवळ दे, म्हणजे जेवणापर्यंत इथं येते. तुझा डबा माझ्याकडे आहे, तेव्हा कापडी पिशवीत घाल, गाठ चांगली मार, आणि किलोभर तरी पाठव. पावशेर पाठवशील तर ती विठ्ठलच खाऊन टाकील.